खोळंबलेला संगणक

शाळेच्या संगणकवर्गांत येणारे पालक पुष्कळदां मला एक प्रश्न विचारतात. ‘सर, आमच्या घरचा संगणक चालू व्हावयास फार वेळ घेतो. तो आतां जुना झाला काय?’ ह्या प्रश्नास एका वाक्यांत उत्तर देतां येत नाहीं. कारण ‘वेळ लागणें’ ह्या एकाच शब्दप्रयोगांत दोन अगदीं निरनिराळ्या गोष्टी दडलेल्या असतात. एक गडी विहिरीचें पाणी ओढून ओढून दमतो, म्हणून त्याचा हौद भरत नाहीं. दुसरा गडी कोणी तरी दोर आणून देईल म्हणून विहिरीच्या कांठीं नुसता बसून राहतो. हौद दोघांचाहि रिकामाच दिसतो. परंतु पहिल्यास मदतनीस हवा आहे आणि दुसऱ्यास दोर. दुसऱ्याच्या जोडीला आणखी चार गडी दिले, तर कांठावर एकाच्या जागीं पांच जण बसतील, एवढेंच.

माझ्या विद्यार्थ्यांस मी आरंभींच एक खूण सांगून ठेवतों. पुष्कळ संगणकांच्या पेटीवर डिस्कचा लहानसा दिवा असतो. उशीर होत असतां तो सारखा लुकलुकत असेल, तर यंत्र कामांत आहे. दिवा विझलेला, पंखा शांत, आणि तरीहि पडदा पुढें सरकत नसेल, तर यंत्र काम करीत नसून कोणाची तरी वाट पाहत आहे असें समजावें. मग विचारावयाचा प्रश्न ‘यंत्र मंद कां?’ हा नव्हे. ‘तें कोणाची वाट पाहत आहे, आणि कां?’ हा होय. ही खूण मला स्वतःला फार उशिरां कळली. ती कशी कळली, ती हकीकत 2009 सालच्या पावसाळ्यांतील आहे. पण ती समजण्यास थोडी पूर्वपीठिका हवी.

लिनक्स ही संगणकाची कार्यप्रणाली. हेलसिंकी येथें शिकत असलेल्या लिनस टोरव्हाल्ड्स ह्या विद्यार्थ्यानें 1991 सालीं तिच्या गाभ्याचा आरंभ केला, आणि तिची बहुतेक रीतभात युनिक्स नामक जुन्या प्रणालीवरून घेतलेली आहे. ह्या प्रणालीस माणसांच्या नांवांशीं फारसें कर्तव्य नसतें. ती आंकड्यांनीं ओळखते. प्रत्येक वापरणाऱ्यास एक क्रमांक असतो, आणि सर्वाधिकारी जो ‘रूट’ त्याचा क्रमांक 0. एखादी फाइल कोणाची आहे हें डिस्कवर क्रमांकानेंच लिहिलेलें असतें. नांव आणि क्रमांक ह्यांची जोडी ‘पासडब्ल्यूडी’ नांवाच्या साध्या मजकुराच्या फाइलींत असते, आणि कोण कोणत्या गटांत मोडतो ही माहिती तिच्या शेजारच्या ‘ग्रुप’ नांवाच्या फाइलींत. (हीं सर्व नांवें मी येथें नागरी लिपींत देत आहें, यंत्रावर टंकतांना अर्थातच तीं इंग्रजी अक्षरांनीं टंकावीं लागतात.)

एकच यंत्र असेल तोंवर एवढी व्यवस्था पुरते. परंतु चोवीस यंत्रें आणि तीनशें विद्यार्थी असले म्हणजे नोंदी होतात 7200; आणि एका मुलानें परवलीचा शब्द बदलला कीं तो चोवीस ठिकाणीं बदलावा लागतो. ही अडचण जगांत सर्वांस होती. सन मायक्रोसिस्टिम्स ह्या अमेरिकन कंपनीनें 1985 च्या सुमारास तिच्यावर एक युक्ति काढली. याद्या एका मध्यवर्ती यंत्रावर ठेवाव्या आणि बाकीच्या यंत्रांनीं तारेवरून विचारून घ्यावें. ह्या व्यवस्थेस प्रथम ‘यलो पेजेस’ म्हणत. पण तें नांव ब्रिटनमध्यें ब्रिटिश टेलिकॉमचें नोंदलेलें निघालें, म्हणून तें बदलून ‘एनआयएस’ असें करावें लागलें. गंमत अशी कीं, त्या व्यवस्थेच्या आज्ञांच्या आरंभीं अजूनहि ‘वायपी’ हीं जुनीं अक्षरें राहिलेलीं आहेत. पुढें मिशिगन विद्यापीठांत ‘एलडॅप’ ही निर्देशिकेची रीत आकारास आली, आणि 1993 सालीं तिचें वर्णन सर्वांसाठीं प्रसिद्ध झालें. हल्लीं शाळा, कॉलेजें व कचेऱ्या ह्यांत पुष्कळ ठिकाणीं हीच रीत किंवा तिचा एखादा वंशज चालतो.

घरची यादी आणि मध्यवर्ती निर्देशिका ह्यांत आधीं कोणास विचारावयाचें, हें ‘एनएसस्विच’ नांवाच्या फाइलींत लिहिलेलें असतें. तींत ‘फाइल्स’ आणि त्यापुढें ‘एलडॅप’ असे दोन शब्द असले, तर प्रथम घरची यादी पाहावी आणि तींत नांव न सांपडल्यास निर्देशिकेस विचारावें, असा अर्थ. शाळेंतलेंच उदाहरण घ्या. वर्गशिक्षकापाशीं हजेरीपत्रक असतें. तींत एखादें नांव नसलें, तर शिपायास कचेरींत पाठवून जनरल रजिस्टर पाहून घेतात. कोणी हा क्रम उलटा लिहून ठेवतात. त्यांची गत, प्रत्येक हजेरीस शिपाई कचेरींत धाडणाऱ्या शिक्षकासारखी होते.

आतां त्या पावसाळ्याकडे वळूं. जूनमध्यें शाळा उघडण्यापूर्वीं चोवीस जुन्या यंत्रांवर मीं लिनक्स बसविलें, कोपऱ्यांतील पंचविसाव्या यंत्रावर एलडॅपची निर्देशिका मांडली, आणि आठवी ते दहावीच्या विद्यार्थ्यांचीं नांवें तींत भरलीं. मुलानें कोणत्याहि टेबलाशीं बसावें आणि आपलें काम तेथून पुढें चालू करावें, असा बेत होता. बेत सिद्धीस गेला. पण पूर्वीं दीड मिनिटाच्या आंत उघडणारीं यंत्रें आतां जवळजवळ बारा मिनिटें घेऊं लागलीं. तासिका पस्तीस मिनिटांची. मुलें पडद्यावरच्या चित्राकडे पाहत बसत, आणि चित्र जाऊन काम दिसूं लागे तों तासिकेचा तिसरा भाग सरलेला असे.

निर्देशिका मांडल्यापासून हा उशीर सुरू झाला, हें मला पहिल्याच दिवशीं दिसावयास हवें होतें. परंतु त्याच आठवड्यांत वर्गाचें छप्पर गळूं लागल्यामुळें नववीच्या मुलांनीं टेबलें भिंतीपासून दूर ओढलीं होतीं. माझी नजर तेथें गेली. मुलांनीं तारा ओढल्या, जोड सैल केले, असें मीं मनाशीं ठरविलें. चार मुलांवर उघड आळ घेतला, आणि त्यांस एक आठवडा संगणकवर्गाबाहेर बसविलें. एवढ्यावर थांबलों असतों तरी बरें होतें. तारा तपासून गुण येईना, तेव्हां यंत्रांची मेमरी अपुरी आहे असा दुसरा निष्कर्ष मीं काढला, आणि ती विकत घेण्यासाठीं प्रत्येक पालकाकडून वर्गणी मागणारें पत्र लिहिलें. तें मुख्याध्यापकांच्या टेबलावर सहीची वाट पाहत पडलें होतें. आमच्या शाळेंतील पुष्कळ पालकांस ती वर्गणी जड गेली असती.

मधल्या काळांत मीं एक गोष्ट मात्र बरी केली होती. यंत्र चालू होतांना पडद्यावर दिसणारें चित्र म्हणजे एक पडदाच असतो. त्याच्यामागें यंत्र काय करीत आहे हें तें ओळीओळीनें सांगत असतें. यंत्र चालू करण्याच्या ओळींतून ‘क्वाएट’ आणि ‘स्प्लॅश’ हे दोन शब्द गाळले कीं चित्र जातें आणि तें बोलणें दिसूं लागतें. एका यंत्रावर मीं तसें करून ठेवलें, पण त्या ओळी वाचल्या मात्र नाहींत. त्या नववीच्याच एका मुलीनें वाचल्या. दररोज बारा मिनिटें बसून काय करावयाचें, म्हणून तिनें पडद्यावरचे आंकडे वहीच्या शेवटच्या पानावर उतरून घेतले होते. पडद्यावरील संदेशाचा मराठींत अर्थ असा होता: ‘एलडॅपच्या सेवकाशीं पुन्हां संबंध जोडीत आहें, 4 सेकंद झोपतों.’ मग 8 सेकंद, मग 16, मग 32, मग 64. त्यानंतर ‘संबंध जुळत नाहीं’ अशी एक ओळ, आणि पुन्हां 4 पासून आरंभ. असे पांच फेरे तिनें नोंदले होते. तिनें मला विचारलें, ‘सर, प्रत्येक आंकडा आधीच्याच्या दुप्पट कां आहे?’

ह्या प्रश्नापुढें माझे दोन्ही निष्कर्ष क्षणांत कोसळले. सैल जोडामुळें उशीर होत असता तर तो कधीं कमी, कधीं अधिक झाला असता. अपुऱ्या मेमरीमुळें दमलेलें यंत्रहि ठोक्याठोक्यानें दुप्पट दमत नाहीं. चोवीस यंत्रांत नेमानें दुपटीनें वाढणारा उशीर हा बिघाड नसून कोणी तरी लिहून ठेवलेला नियमच असला पाहिजे. बेरीज करा: 4, 8, 16, 32 व 64 मिळून 124 सेकंद होतात. पांच फेऱ्यांचे 620 सेकंद, म्हणजे दहा मिनिटें वीस सेकंद. तेवढें वजा केलें तर यंत्राचा स्वतःचा वेळ पूर्वींइतकाच, दीड मिनिटाच्या आंत उरत होता. यंत्र मुळींच मंद झालें नव्हतें. उरलेला वेळ तें अक्षरशः झोपत होतें, आणि तसें तें पडद्यावर लिहूनहि सांगत होतें.

तो नियम कोणाचा? निर्देशिकेस प्रश्न विचारण्याचें काम त्या वेळीं पॅडल ह्या ऑस्ट्रेलियन कंपनीनें रचलेला ‘एनएसएस-एलडॅप’ नांवाचा भाग करीत असे. त्याच्या नियमावलींत ‘बाइंड पॉलिसी’ ह्या नांवाखालीं ‘हार्ड’ आणि ‘सॉफ्ट’ अशीं दोन धोरणें होतीं, आणि कांहीं न सांगितल्यास ‘हार्ड’ लागू होई. सेवक भेटला नाहीं तर चार सेकंद थांबून पुन्हां दार ठोठवावें, मग दुप्पट थांबावें, असें तें धोरण. हा नियम कांहीं वेडगळ नव्हे. सेवक क्षणभर बंद पडला आणि सर्व यंत्रें एकदम त्याच्यावर तुटून पडलीं, तर तो पुन्हां उठणारच नाहीं. म्हणून अंतर वाढवीत जाणें हें शहाणपणाचेंच आहे. दोष नियमाचा नव्हता. नको त्या वेळीं प्रश्न विचारला जात होता, हा दोष होता.

प्रश्न विचारीत होतें कोण? माझी समजूत अशी होती कीं निर्देशिकेचें काम मूल आपलें नांव टंकतें तेव्हां सुरू होतें. ही समजूतच चुकीची होती. यंत्र उठत असतां ‘युडेव्ह’ नांवाचा एक भाग फार लौकर जागा होतो. ग्रेग क्रोआ-हार्टमन प्रभृतींनीं 2003 सालीं त्याचा आरंभ केला. यंत्रास जोडलेल्या वस्तु, जसें डिस्क, कळफलक, ध्वनीचें उपकरण, जाळ्याचें कार्ड, ओळखून त्यांच्या नांवाचीं दारें उघडणें आणि प्रत्येक दार कोणाच्या व कोणत्या गटाच्या मालकीचें हें ठरविणें, हें त्याचें काम. हे मालक त्याच्या नियमांच्या फाइलींत नांवांनीं लिहिलेले असतात. आणि यंत्रास हवा असतो क्रमांक. म्हणून युडेव्ह प्रत्येक नांवाचा क्रमांक विचारतो. बहुतेक नांवें घरच्या यादींत असतात आणि उत्तर तत्काळ मिळतें. परंतु आमच्या यंत्रांवर कांहीं नांवें नियमांत होतीं पण यादींत नव्हतीं: ‘टीएसएस’ नांवाचा वापरणारा, त्याच नांवाचा गट, आणि ‘केव्हीएम’, ‘फ्यूज’ व ‘आरडीएमए’ हे तीन गट. ज्या सोयींसाठीं ते आहेत त्या सोयी आम्हीं बसविल्याच नव्हत्या, म्हणून ते घरीं नोंदलेले नव्हते. पांच नांवें, पांच फेरे. मुलीच्या वहीचा हिशेब पुरता जुळला.

घरीं नांव नाहीं, तर निर्देशिकेस विचारा, असा क्रम मींच लिहिलेला. निर्देशिका तारेच्या पलीकडे, तारेवर जावयाचें तें जाळ्याच्या कार्डामार्फत, आणि तें कार्ड अद्याप सुरू व्हावयाचें होतें. कारण तें सुरू करण्याची पाळी युडेव्हचें काम आटोपल्यावर येते. आणि युडेव्ह तर निर्देशिकेच्या उत्तरासाठीं अडून बसलेला. लग्न झाल्याशिवाय वेड जात नाहीं आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाहीं, अशांतला प्रकार. पांचहि नांवांविषयीं निराश झाल्यावरच युडेव्ह तीं सोडून पुढें जाई आणि मग सारें सुरळीत होई. निर्देशिकेंतहि तीं नांवें नव्हतींच, ही त्यांतली आणखी एक मौज. उत्तर मिळालें असतें तरी ‘नाहीं’ असेंच मिळालें असतें.

उपाय दहा मिनिटांचा निघाला. ‘ग्रुपॲड’ आणि ‘यूजरॲड’ ह्या आज्ञांनीं तीं पांच नांवें प्रत्येक यंत्राच्या घरच्या यादींत घातलीं. प्रश्न घरींच सुटूं लागला; यंत्रें पूर्वींसारखीं दीड मिनिटाच्या आंत उठलीं. मुख्याध्यापकांच्या टेबलावरचें पत्र मीं परत घेतलें. त्या चार मुलांची भर वर्गांत क्षमा मागितली. त्यांपैकीं एकानें विचारलें कीं बुडालेल्या चार तासिका भरून मिळतील काय. त्या मीं शनिवारीं शाळा सुटल्यावर घेतल्या.

मला वाटलें, प्रकरण संपलें. परंतु पंधरा दिवसांनीं रात्रीं वादळानें वीज गेली आणि सकाळीं कोपऱ्यांतलें मध्यवर्ती यंत्रच अडून बसलें. ह्या वेळीं अडखळण्याची जागा निराळी होती. युडेव्ह पार पडला होता आणि ‘मेसेज बस’ नांवाची सेवा सुरू होतांना पडदा थांबला होता. घरच्या यादींत त्या सेवेचें नांव होतें, तिचा गटहि होता. मग निर्देशिकेस विचारण्याचें कारण काय? येथें जो बारकावा आहे तो मला सर्वांत शिकण्यासारखा वाटला, म्हणून जरा थांबून सांगतों.

‘अमुक नांवाचा क्रमांक काय?’ हा एक प्रश्न, आणि ‘अमुक मनुष्य कोणकोणत्या गटांत आहे?’ हा दुसरा. पहिल्याचें उत्तर सांपडलें कीं शोध संपतो. हजेरीपत्रकांत मुलाचा क्रमांक मिळाला, आतां कचेरींत जाण्याचें कारण उरलें नाहीं. दुसरा प्रश्न तसा नाहीं. मूल वर्गाच्या वहींत कबड्डीच्या संघांत दिसलें, म्हणून तें कचेरीच्या वहींत गायनाच्या संघांत नसेलच असें कोणी सांगावें? सर्व वह्या पाहिल्याशिवाय हें उत्तर पुरें होत नाहीं. म्हणून एखादी सेवा आपल्या खात्याचे सर्व गट गोळा करूं लागली कीं, घरच्या यादींत कितीहि पुरती माहिती असो, यंत्र निर्देशिकेसहि विचारणारच. ‘फाइल्स’ हा शब्द आधीं लिहिला म्हणजे आपण सुरक्षित, असें मानणारे पुष्कळ जण नेमके येथें ठेचाळतात. मीहि ठेचाळलों.

आणि आमच्या मध्यवर्ती यंत्रावर तर निर्देशिका त्याच्याच पोटांत होती. त्या काळीं सेवा एकामागून एक, त्यांच्या क्रमांकांप्रमाणें सुरू होत. मेसेज बसचा क्रमांक आधीं, एलडॅपच्या सेवकाचा नंतर. म्हणजे जी सेवा अजून उठलेलीच नाहीं तिच्या उत्तरासाठीं यंत्र स्वतःच स्वतःची वाट पाहत बसलें होतें. बाकीचीं चोवीस यंत्रें ह्या फेऱ्यांतून सुटत, कारण त्यांच्या मेसेज बसची पाळी येईपर्यंत जाळें सुरू झालेलें असे आणि निर्देशिका जागी असे.

ह्यावर त्या नियमावलींतच एक ओळ होती. तिच्यांत जीं नांवें लिहावीं, त्यांच्या गटांविषयीं निर्देशिकेस विचारूं नये, असा तिचा अर्थ. तींत रूट, मेसेज बस व इतर घरगुती सेवांचीं नांवें घातल्यावर यंत्र मोकळें झालें. त्याबरोबरच धोरण ‘हार्ड’ वरून ‘सॉफ्ट’ वर आणलें, म्हणजे सेवक न भेटल्यास झोपत न बसतां लगेच ‘भेटला नाहीं’ असें सांगावें. पुष्कळ जण केवळ हा एक शब्द बदलून मोकळे होतात. मला तें तितकेंसें पसंत नाहीं. टपाल वाटणाऱ्या यंत्रावर ‘सॉफ्ट’ धोरण असलें आणि निर्देशिका क्षणभर बंद पडली, तर जिवंत माणसाच्या नांवाचें पत्र ‘असा कोणी येथें नाहीं’ म्हणून परत जाण्याचा धोका असतो. आमच्या वर्गांत टपालाचा प्रश्न नव्हता, म्हणून तें चाललें. परंतु आधीं घरचीं नांवें घरीं नोंदणें, मग नकोत ते प्रश्न थांबविणें, आणि शेवटीं धोरण सौम्य करणें, हाच क्रम मला योग्य वाटतो.

त्या वेळचीं साधनें आतां बरीच बदललीं आहेत. 2010 सालीं लेनार्ट पोटरिंग व के सीव्हर्स ह्यांनीं ‘सिस्टमडी’ ची रचना पुढें मांडली, आणि आज बहुतेक प्रमुख लिनक्स प्रणाली तिच्यावरच उठतात. सेवा एकामागून एक न उठतां शक्य तितक्या एकदम उठतात. निर्देशिकेस विचारण्याचें कामहि आतां बहुधा ‘एनएसएलसीडी’ किंवा ‘एसएसएसडी’ अशा स्वतंत्र सेवकाकडे असतें. ही सुधारणा मोठी आहे. कारण प्रश्न विचारणारा भाग त्या घरच्याच सेवकाशीं बोलतो, आणि तो अद्याप उठलेला नसला तर ‘सोय नाहीं’ हें उत्तर तत्काळ मिळून काम पुढें सरकतें. एसएसएसडी तर पूर्वीं मिळालेलीं उत्तरें जपूनहि ठेवतो. एनएसएलसीडीच्या नियमावलींत घरच्या यादींतील सर्व नांवें एकाच शब्दानें वगळतां येतात. आम्हांस तीं एकेक करून लिहावीं लागत. सिस्टमडीच्या कर्त्यांनीं तर नियमच घालून दिला आहे कीं, प्रणालीच्या स्वतःच्या सेवांचीं खातीं व गट जाळ्याविना, घरच्या घरीं ओळखतां आलेच पाहिजेत. आमच्या पांच नांवांनीं हाच नियम मोडला होता.

तरीहि हा खोळंबा नाहींसा झालेला नाहीं. एखाद्या सेवेचें खातें फक्त निर्देशिकेंत ठेवलें, किंवा मुलांचे घरचे कप्पे जाळ्यावरून जोडावयाचे असले, तर नव्या यंत्राच्या पडद्यावरहि ‘ए स्टार्ट जॉब इज रनिंग’ अशी ओळ येऊन सेकंद मोजले जाऊं लागतात. पुष्कळदां ते दीड मिनिटाला थांबतात. सेवा उठण्यासाठीं सिस्टमडी आपण होऊन 90 सेकंदांची मुदत देते, म्हणून हा आंकडा. बरोबर 90 सेकंदांचा उशीर दिसला, कीं तो श्रमाचा नव्हे, मुदतीचा आहे असें खुशाल समजावें.

अशा वेळीं ‘सिस्टमडी-ॲनलाइझ’ ही आज्ञा उपयोगी पडते. तिच्यापुढें ‘ब्लेम’ हा शब्द लिहिला, तर प्रत्येक सेवेस किती वेळ लागला ह्याची यादी, सर्वांत अधिक वेळ घेणारीपासून, मिळते. ह्या शब्दाचा अर्थ ‘दोष देणें’ असा आहे, आणि तो शब्द मला तरी खटकतो. यादींत वर दिसणारी सेवा बहुधा दुसऱ्या कोणासाठीं थांबलेली असते. खुद्द त्या आज्ञेच्या माहितींतच तशी सूचना दिलेली आहे. म्हणून त्याच आज्ञेपुढें ‘क्रिटिकल-चेन’ लिहून कोण कोणासाठीं थांबलें ती सांखळी पाहावी. त्यानंतर ‘जर्नलसीटीएल’ ह्या आज्ञेनें चालू उठण्याच्या नोंदी काढाव्या आणि दोन ओळींमधील वेळांचें अंतर कोठें मोठें आहे तें शोधावें. मोठ्या अंतराच्या आधींची शेवटची ओळ ही बहुधा प्रश्नाची असते. संशयित नांव सांपडलें, तर ‘गेटएंट’ ह्या आज्ञेनें तें विचारून पाहावें, आणि जाळ्याची तार काढून तेंच पुन्हां विचारावें. दोन्ही वेळां उत्तर सारखेंच लौकर आलें, तर तें नांव निर्दोष.

त्या पावसाळ्याच्या हकीकतीचें एक शेपूट सांगावयाचें राहिलें. सर्व सुधारणा झाल्यावर तेवीस यंत्रें नीट चालूं लागलीं. सतरा क्रमांकाचें यंत्र मात्र उठे लगेच, पण कोणाहि मुलाचें नांव ओळखीना. ‘सॉफ्ट’ धोरणामुळें आतां तें झोपत नव्हतें. निर्देशिका भेटत नाहीं असें सरळ सांगत होतें. घरच्या यादींतील खात्यानें मी आंत शिरलों, निर्देशिकेच्या यंत्राचें नांव न वापरतां त्याचा आंकडी पत्ता देऊन पाहिला, तरी तें भेटेना. शेवटीं टेबल पुढें ओढून मागें पाहिलें. तार खरोखरच तुटलेली होती. भिंतीलगत, मुलांचा हात पोहोंचणार नाहीं अशा ठिकाणीं ती उंदरांनीं कुरतडली होती.